माझ्या प्रतीत नसलेलं एकविसावं वचन

प्रिय पप्पा,

आज शुक्रवार आहे आणि अनिल सकाळपासून उपाशी आहे. एवढंच तुम्हाला सांगायचं म्हणून कागद घेतला. तुम्ही असता तर हे सांगायची वेळच आली नसती, कारण तुम्हीही उपाशीच असता!

मी व्हाइटफील्डहून के. आर. पुरमला, तुमच्या घरी आले आहे. शाळेतून अर्धी रजा टाकली. मुख्याध्यापिकाबाईंना सांगितलं की आईला बरं नाही. आईला काय झालंय? ती सारभात जेवून आतल्या खोलीत मस्त घोरते आहे. बरं नाही ते मला. सारखी उठून फाटकाशी जाते, रस्ता बघते, परत येते. अनिलची कामावरून परतायची बस होसकोट्याहून संध्याकाळशिवाय येत नाही हे मला पक्कं माहीत आहे, आणि आत्ता तर शेजारच्या राजम्माचे दुपारचे पापडही अंगणातून उचललेले नाहीत. तरी जाते.

बोलायचं कुणाशी? विजयला सांगितलं तर ते म्हणतात, "तुझ्या भावाला डॉक्टरकडे ने आणि मोकळी हो." तुमचा जावई किती व्यवहारी आहे ते तुम्हाला माहीतच आहे. आईला सांगायचा धीर होत नाही. अनिलपासून तर लपवतेच आहे. राहता राहिलात तुम्ही. तुम्हाला जाऊन वर्ष उलटलं, पण घरात काही बिनसलं की मी मनातल्या मनात अजून आधी तुम्हालाच हाक मारते.

काय लपवते आहे ते सांगते. रागावू नका. म्हणजे रागवा, पण आधी पुरतं ऐकून घ्या.

तुमच्या वर्षाची स्मरणार्थ उपासना आपण घरीच ठेवली होती. हॉलमध्ये सतरंजी घातली, म्हाताऱ्यांना खुर्च्या दिल्या, आपली नेहमीची मराठी मंडळी आली. पद्धत तुमचीच. अध्याय एकट्याने वाचायचा नाही, गोल बसायचं आणि प्रत्येकाने एकेक वचन वाचत पुढे जायचं. पाहुणा असो, पोर असो, चष्मा विसरलेली आजी असो, कुणाची सुटका नाही. "वचन सगळ्यांसाठी दिलंय, मग वाचायचं एकट्याने का?" असं तुम्ही म्हणायचात. एकदा विजेचा मीटर बघायला आलेल्या माणसालाही तुम्ही कन्नड प्रत देऊन बसवलं होतं, आठवतं? तो बिचारा "स्वल्प अर्जंट सार, स्वल्प अर्जंट" म्हणत राहिला आणि शेवटी वाचून, चहा पिऊनच गेला.

अध्याय अनिलने निवडला. मत्तयचा सतरावा. का, ते सगळ्यांना ठाऊक होतं. एका बापाचा मुलगा आकडी येऊन कधी विस्तवात पडतो, कधी पाण्यात पडतो. शिष्यांच्या हातून तो बरा होत नाही, येशू त्याला बरं करतो. मग शिष्य विचारतात, आम्हाला का नाही जमलं? त्यावर एकविसावं वचन आहे, की असलं दुखणं प्रार्थना आणि उपास यांच्याशिवाय निघत नाही. अनिलच्या आकडीसाठी तुम्ही शुक्रवार धरायचात, म्हणून ते वचन आपल्या घरात तुमचंच होतं. ते आणखी कुणाचं असेल असं आम्हाला कधी वाटलंच नाही.

आणि पप्पा, ते नेमकं माझ्यावर आलं!

माझ्या मांडीवर माझी नवी प्रत होती, मोठ्या टाइपाची, सोप्या मराठीतली. डोळ्यांना बरी पडते म्हणून मागच्या वर्षी घेतलेली. शेजारच्या बाईंनी मोहरीच्या दाण्याएवढ्या विश्वासाचं विसावं वचन वाचलं. मी बोट खाली सरकवलं. वीसनंतर बावीस. मला वाटलं पानं चिकटली. बोट ओलं करून पान सुटं करून बघितलं. पान एकच होतं. वीस, आणि त्याच्या खाली बावीस!

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला कळेना काय वाचू. बावीस वाचलं असतं तर सगळे म्हणाले असते, ही पप्पांचं वचन गाळतेय. आईने माझ्या पाठीवर हात ठेवला. कुणीतरी नाक ओढलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की यांना वाटतंय, मला रडू आवरत नाहीये.

मग समोरून अनिल बोलला. पुस्तकात न बघता. "प्रार्थना" म्हणून तुम्ही थांबायचात तसाच थांबला, आणि मग सावकाश, "आणि उपास." सगळे आमेन म्हणाले. पुढच्याने बावीस वाचलं आणि अध्याय पुढे गेला. मी डोळ्यांना रुमाल लावून बसले, कारण सगळ्यांची तीच अपेक्षा होती. खरं रडू नंतर स्वयंपाकघरात आलं, आणि तेही भीतीने.

मंडळी गेल्यावर अनिल माझ्यापाशी आला. चेहरा असा उजळलेला की काय सांगू! म्हणाला, "ताई, बघितलंस? पप्पांचं वचन बरोब्बर तुझ्यावर आलं, तुला बोलवेना, आणि ते माझ्या तोंडून निघालं. हे मला सांगितलंय. आता शुक्रवार मी धरायचा."

त्या वेळी बोलायला हवं होतं. मी काय म्हणाले? म्हणाले, "सरी." म्हणजे, बरं. आयुष्यभर वर्गात पोरांवर ओरडणारी मी, आणि तोंडातून निघालं काय तर सरी!

त्या आठवड्यापासून तो शुक्रवारी पाणीसुद्धा जपून पितो. आणि त्याची सकाळची गोळी खाल्ल्यावर घ्यायची असते. खायचं नाही म्हणून गोळी नाही. डॉक्टरांनी त्याला लहानपणापासून दोनच गोष्टी बजावल्या आहेत, पोट रिकामं ठेवायचं नाही आणि गोळी चुकवायची नाही. हा एका दिवसात दोन्ही मोडतो, आणि वर स्तोत्र गुणगुणत बस पकडतो!

गेल्या शुक्रवारी इथल्याच बसस्टॉपवर पडला. किती वर्षांनी, पप्पा! चहाच्या टपरीवाल्याने त्याला कुशीवर वळवून झोपवलं, रिक्षात घालून घरी आणून सोडलं. "अण्णा ऊटा माडिल्ला," म्हणाला आम्हाला. जेवलेला नाही हे त्या परक्या माणसालाही दिसलं. कोपर सोलवटलं होतं, ओठ चावला गेला होता. थोडा पुढे पडला असता तर बसखालीच! मी त्याला हळदीचं दूध पाजत म्हटलं, "बास झालं हे. पुढच्या शुक्रवारी मुकाट्याने खायचं." तर म्हणाला, "पप्पांनी माझ्यासाठी इतकी वर्षं पोट मारलं. मी माझ्यासाठी एक दिवस नको? वचन आहे ताई. त्याच्यावर तू बोलू नकोस."

वचन आहे. तिथेच तर सगळं अडलंय.

तुम्ही आम्हाला काय शिकवलंत? की देवाने आपलं वचन जपून ठेवलंय. राजे आले, गेले, कागद जळाले, शाई पुसली, पण त्याने एक काना पडू दिला नाही, एक मात्रा हलू दिली नाही. हे सांगताना तुमचा आवाज असा चढायचा की समोरच्या घरातला कुत्रा भुंकायचा. आणि पुरावा काय द्यायचात? नगरहून आणलेली पणजोबांची प्रत! "त्याच ट्रंकेत उंदरांनी माझा लग्नाचा कोट खाल्ला, हिची पैठणी खाल्ली, पण शास्त्राला दात लावला नाही." आई पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "कसा लावतील? दर पावसाळ्याच्या आधी पानापानांत कडुनिंबाचा पाला मी घालते." तुम्ही म्हणायचात, "तुला ती बुद्धी कुणी दिली?" त्यावर आई लाटणं आपटायची. तुमचं हे भांडण ऐकतच आम्ही मोठे झालो.

आणि त्या कडलेकाईच्या पुड्या! बसस्टँडवरचा शेंगदाणेवाला कुठल्याशा शुभवर्तमानाच्या जुन्या पानांत शेंगा बांधून देतो हे तुम्हाला दिसलं, आणि तुम्ही त्याची टोपलीच घरी आणलीत. "शेंगा खा, पण पुडी फाडू नका." आठवडाभर आम्ही शेंगा खात होतो. तुम्हाला धड कन्नड वाचता येत नव्हतं, तरी एकेक पुडी उलगडून, गुडघ्यावर ठेवून, हाताने सपाट करत बसलात. आईने विचारलं, "देव राखतोय ना? मग तुम्ही कशाला एवढे कष्ट घेता?" तुम्ही हसलात आणि पुढची पुडी उलगडलीत.

मी ते सगळं खरं धरून चाळिशीला आले. आणि आता माझ्याच मांडीवर एक वचन नाही!

घरी जाऊन नीट पाहिलं तेव्हा पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत टीप दिसली. काही जुन्या प्रतींत इथे एक वचन अधिक आहे, आणि पुढे ते दिलेलं. म्हणजे एकविसावं वचन होतं, पण पायाशी बसवलेलं. ते पान मी किती वेळा उघडलं आणि मिटलं! दर वेळी वाटायचं, आता उघडेन तेव्हा ते वर गेलेलं असेल. वेडेपणाच की नाही?

बुधवारी पाळकसाहेबांकडे गेले. तुम्हाला ते आवडायचे, "माणूस शिकलेला आहे पण प्रार्थनेला लांबण लावत नाही" म्हणून. त्यांनी शांतपणे समजावलं. छापखाने नव्हते तेव्हा हातानेच नकला व्हायच्या. एक नक्कल, त्याची दुसरी, तिची तिसरी. कुणीतरी भाविक माणसाने, कदाचित स्वतः उपास करणाऱ्याने, शेजारी ते लिहिलं असेल. पुढच्याला वाटलं, हे आतलंच राहिलंय. त्याने आत घेतलं. फार जुन्या काही प्रती सापडल्या तेव्हा कळलं की त्यांच्यात ते नाही.

"म्हणजे चूक?" मी विचारलं.

"चूक म्हणा, नाहीतर प्रेम म्हणा," ते म्हणाले. "सुनीताबाई, हीच गोष्ट मार्कानेही लिहिली आहे. तिथे प्रार्थना आहे. उपासाचा शब्द तिथेही काही प्रतींत आहे, काहींत नाही. पण प्रार्थना सगळ्यांत आहे. मूळ शिकवण कुठेही हरवलेली नाही. आणि जिथे शंका आहे तिथे कुणी लपवलं नाही, खाली लिहून ठेवलं. मला विचाराल तर हेही देवाचं जपणंच आहे."

त्यांचं बोलणं डोक्याला पटलं. पण मला काही डोक्यासाठी उत्तर नको होतं! मी म्हटलं, "मग माझ्या पप्पांचं काय? ते कशासाठी उपाशी राहिले?" पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आणि गप्प बसले. तेवढ्याबद्दल मात्र मी त्यांना मानलं.

आता तुमच्यावरचा राग. तोही आज सांगूनच टाकते. तुम्हाला साखरेचं दुखणं होतं. डॉक्टरांनी हात जोडले होते, आईने हात जोडले होते. मी व्हाइटफील्डहून दर शुक्रवारी फोन करून ओरडायचे. तुमचं एकच, "मुलाचं दुखणं गेलंय ते कशाने? आता सोडून कसं चालेल?" अहो, गोळ्यांनी नसेल का गेलं? थोडंतरी? शेवटी शुक्रवारीच रेल्वे स्टेशनच्या जिन्यावर घेरी येऊन पडलात, खुब्याचं हाड मोडलं, आणि पलंगावरून पुन्हा उठलाच नाहीत. हॉस्पिटलात मला काय म्हणालात? "अनिलला फिट आली नाही ना?" मला फार राग आला होता तुमचा, पप्पा. अजून येतो. आणि राग आला की तुमची इतकी आठवण येते की काही सुचत नाही.

म्हणून मी अनिलला सांगू शकत नाही. "खा" म्हटलं तर तो ऐकत नाही, त्याच्यापुढे वचन आहे. वचनाची गोष्ट काढायची तर ती टीप दाखवावी लागेल. ती दाखवली तर त्याने काय समजायचं? की बापाने कुणाच्या तरी हातून शेजारी लिहिलेल्या एका ओळीपायी जीव दिला? की आपण बरे झालो ते कशानेच नाही? तो माझ्यासारखा नाही. मी शंका घेते, भांडते, परत येते. त्याचं सगळं घर त्या एका खांबावर उभं आहे. तो काढला आणि घर त्याच्या अंगावर पडलं तर? आणि नाही काढला, तर तो कुठल्या बसखाली जाईल? सांगा ना! दोन्हींतलं काय करू?

आई उठली आहे. चहा ठेवते म्हणते. थांबा.

पप्पा, मी आईला सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण ती चहाचा कप घेऊन शेजारी बसली, माझा चेहरा बघितला आणि म्हणाली, "कुणाला लिहितेस?" मी म्हटलं, "पप्पांना." तिला त्यात काही नवल वाटलं नाही. म्हणाली, "मग मला कधी सांगणार?" आणि मी सगळं बोलून गेले. वीस, बावीस, टीप, पाळकसाहेब.

ती घाबरेल असं मला वाटलं होतं. तिने नुसता चहा फुंकला. मग म्हणाली, "तू नगरला आजीकडे शिकायला होतीस ना, तेव्हाची गोष्ट. अनिलला पहिली आकडी आली ती शुक्रवारी. जेवता जेवता ताटात पडला. गरम सार तोंडावर सांडलं. गालावरचा डाग त्याचाच."

डाग मला माहीत होता. शुक्रवार माहीत नव्हता.

"पुढच्या शुक्रवारी हे ताटावर बसले आणि उठले. म्हणाले, घास उतरत नाही. त्याच्या पुढच्याही शुक्रवारी तसंच. मी रागावले, रडले. तेही रडले. बरेच दिवस असं चाललं. मग एकदा संध्याकाळच्या वाचनात तो अध्याय आला, आणि यांनी मांडीवर अशी थाप मारली की अनिल दचकला. म्हणाले, बघ, बघ, यात आहे! मी करतोय ते यात आहे!" आईने कप खाली ठेवला. "सुने, उपास आधी होता. वचन मागाहून सापडलं."

 इतकी वर्षं वाटत होतं की वचनाने तुम्हाला उपाशी ठेवलं. तुम्ही तर आधीपासूनच उपाशी होतात! आणि पाळकसाहेबांचा तो कोण कुठला नक्कल करणारा माणूस, समासात दोन शब्द लिहिणारा, त्याच्याही घरी असं एखादं पोर असेल का हो? तोही ताटावरून उठत असेल का?

आईला म्हटलं, "अनिलला हे का नाही कधी सांगितलंस?" तर म्हणाली, "कुणी विचारलं का? तुम्ही दोघं आणि तुमचे पप्पा, तुमचं तिघांचं बोलणं शास्त्रातलं. मी आपली पाला घालणारी." आणि भात टाकायला गेली. शुक्रवारी संध्याकाळी, अनिलच्याही वाटणीचा.

आता बाहेर उन्हं कलली आहेत. राजम्माने पापड उचलले. होसकोट्याची एक बस गेली, त्यात तो नव्हता. दुसरी उशिरा असेल. व्हाइटफील्डच्या बाजूला कसली कसली मोठी बांधकामं चालू आहेत, ट्रक आडवे येतात, बस अडकते. बस अडकली असेल, दुसरं काही नसेल. पप्पा, दुसरं काही नसेल ना?

फाटक वाजलं!

आता पुढचं लिहिते आहे. तुमच्या खुर्चीत बसून लिहिते आहे, कारण टेबलावर ताटं आहेत.

अनिलच होता. चालत आला, आपल्या पायांनी. पण चेहरा पांढरा. बसमध्ये उभं राहून आला होता. कंडक्टरच्या "मुंदे होगी"ला पुढे सरकत सरकत, दांडी धरून. मला बघून म्हणाला, "ताई, तू आज पण?" मी भांडायला तोंड उघडणार, तेवढ्यात आईने स्वयंपाकघरातून सांगितलं, "हातपाय धू. आधी वाचन करू."

तुमची जुनी प्रत अनिलपाशी, माझी नवी माझ्यापाशी, आणि आईला बारीक अक्षर दिसत नाही म्हणून तिचं वचन तिला शेजारून सांगायचं. अध्याय आईनेच काढायला लावला. सतरावा, त्या मुलाच्या गोष्टीपासून. अनिल, मी, आई. अनिल, मी, आई. मी पुढचं मोजत होते. अनिलने मोहरीच्या दाण्याचं वचन वाचलं.

माझा नंबर आला. अनिल माझ्याकडे बघत होता, लागलीच तर पुन्हा मदत करायला तयार.

मी म्हटलं, "अनिल, माझ्या प्रतीत हे वचन नाही."

"म्हणजे?"

"वीसनंतर बावीस आहे. त्या दिवशीही नव्हतं. मी रडत नव्हते. मला सापडत नव्हतं."

त्याने उठून माझी प्रत हातात घेतली, दिव्याखाली धरली. तेच केलं जे मी केलं होतं. बोट ओलं करून पान सुटं करून बघितलं! मग माझ्याकडे बघितलं, लहानपणी आकडी येऊन गेल्यावर बघायचा तसा, आपण कुठे आहोत हे न कळल्यासारखा. "मग पप्पा..." एवढंच म्हणाला.

मी पाळकसाहेबांचं सगळं पाठ करून ठेवलं होतं. एक शब्द आठवेना. आईच बोलली. ताटातलं सार, तो शुक्रवार, न उतरलेला घास, मांडीवरची थाप. मला सांगितलं तेच, त्याच शब्दांत. शेवटी म्हणाली, "त्यांना कुणी सांगितलं म्हणून ते उपाशी राहिले नाहीत, बाळा. तू पडलास म्हणून राहिले. तू आता उपाशी राहून पुन्हा पडणार, आणि ते वर बसून काय करतील? तिथेही ताटावरून उठतील."

अनिल बराच वेळ गालावरच्या डागावर बोट फिरवत होता. मला वाटलं, आता प्रत मिटेल, उठेल, निघून जाईल. त्याने प्रत मिटली नाही. माझ्या मांडीवर परत ठेवली. तो काही बोलायच्या आत आई म्हणाली, "वाचन अर्धवट राहिलंय. सुने, तुझा नंबर आहे."

"आई, पण माझ्यात..."

"खाली लिहिलंय म्हणालीस ना? मग खालचं वाच. नंबर चुकवायचा नाही, यातून तुझ्या पप्पांनी मीटरवाल्यालासुद्धा सोडलं नाही."

पप्पा, मी टीप वाचली. मुंगीएवढी अक्षरं, डोळ्यांत पाणी, तरी वाचली. काही जुन्या प्रतींत एक वचन अधिक आहे, इथपासून. मग ते वचन. "प्रार्थना" म्हणून थांबले, आणि सावकाश, "आणि उपास." आई आमेन म्हणाली. अनिलही म्हणाला, हळू. मग आईने बावीस म्हटलं, मी शेजारून सांगितलं तसं, आणि उरलेली वचनं वाचून अध्याय पुरा झाला.

मग तो ताटावर बसला. भात कालवला, आणि पहिला घास हातात धरून तसाच थांबला. आई आणि मी दोघीही बघत होतो, न बघितल्यासारखं करत. "उतरेल का ग?" असं त्याने आईला विचारलं. आई म्हणाली, "खाऊन बघ." उतरला. मग दुसरा. मग गोळी. आता तो सतरंजीवर आडवा झालाय आणि घोरतोय, अगदी आईसारखा.

माझी भीती पुरती गेली असं नाही सांगत. उद्या तो पुन्हा विचार करील, प्रश्न विचारील, कदाचित माझ्यावर चिडेल. कदाचित मीच रात्रंदिवस ते पान उघडत बसेन. देव काना पडू देत नाही म्हणजे नक्की काय, हे मला तुमच्याएवढं ठामपणे अजूनही सांगता येणार नाही. पण आज ते वचन आपल्या घरात वाचलं गेलं, आणि मुलगा जेवला.

तुम्हाला शब्द देते, पप्पा. शुक्रवारी अनिलच्या आधी या घरात कुणी जेवणार नाही, आणि तो जेवल्याशिवाय कुणी उठणार नाही. आणि आपल्या मंडळीत हा अध्याय जेव्हा जेव्हा येईल, तेव्हा एकविसावं वचन कुणावरही येवो, माझ्यासारखी नवी प्रत घेऊन कुणी अडकलं तर मी त्याला सांगेन, घाबरू नको, खाली बघ, तिथे आहे. आणि पाऊस सुरू व्हायच्या आधी आईबरोबर बसून पणजोबांच्या प्रतीत पाला घालेन. या वर्षी माझ्या प्रतीतही.

तुम्ही तिथे पोटभर जेवा.

तुमची,
सुनी